हातातली विद्या, कागदावरचा दाखला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापूरचा इतिहास सांगायला बसले की तीन गोष्टी हमखास येतात : सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, गिरण्यांचे भोंगे आणि १९३० चा मार्शल लॉ. मलाही या तिन्हींचा अभिमान आहे. पण या शहरात आणखी एक शाळा होती आणि आहे, तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. तिला इमारत नाही, हजेरीपट नाही, फळा नाही. हैदराबाद रोडला, अक्कलकोट रोडला, जुन्या पुणे नाक्याच्या आसपास पत्र्याच्या शेडखाली ती भरते. आपण तिला गॅरेज म्हणतो.

मोटार दुरुस्त करायला आपली माणसे शिकली कशी, आणि त्या शिकण्याला आपण शिक्षण मानले की नाही, हा माझा आजचा विषय. मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. माझ्या हातात पाना दिला तर नट फिरण्याऐवजी बोटे सोलली जातील. पण माझा धाकटा भाऊ या शाळेत शिकला. त्यामुळे विषय घरातला आहे.

सुरुवात कायद्यापासून करतो. मोटार हिंदुस्थानात आली एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. १९१४ साली मोटार वाहनांचा कायदा झाला आणि गाडी चालवणाऱ्याला परवाना लागू लागला. १९३९ साली नवा कायदा आला, १९८८ साली आणखी एक. चालकाची परीक्षा, वयाची अट, डोळ्यांची तपासणी, सगळे त्यात आले. पण ज्याने बसवलेल्या ब्रेकवर चालकाचा आणि प्रवाशांचा जीव अवलंबून, त्या रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे काही प्रमाणपत्र असलेच पाहिजे, अशी अट यांतल्या कुठल्याच कायद्याने घातली नाही. याचा फायदा असा झाला की गरिबाच्या पोरासाठी हा धंदा कायम उघडा राहिला. तोटा असा झाला की त्या पोराने कितीही विद्या मिळवली तरी तिची नोंद कुठेच झाली नाही.

सोलापूरला आगगाडी आली १८६० साली. मोटार रस्त्यावर दिसू लागली तेव्हा ती दुरुस्त करणारा वेगळा असा कुणी नव्हता. ड्रायव्हरच अर्धा मिस्त्री असे. मोठे काम निघाले तर लोहाराकडे जायचे. बैलगाडीला धाव बसवणाऱ्या लोहाराने कमानीचे पाटे ठोकून दिले, सुताराने लाकडी बॉडी केली. ड्रायव्हरबरोबर क्लीनर म्हणून फिरणारा पोरगा गाडी पुसता पुसता इंजिन ओळखू लागला. या धंद्यातले पहिले विद्यार्थी हेच.

आपला भाग तेव्हा दोन राज्यांच्या सीमेवर होता. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, तर जवळची तुळजापूर, नळदुर्ग ही गावे निजामाच्या राज्यात. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ च्या जूनमध्ये सत्तावीस बसगाड्यांनिशी सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. आपल्याकडे एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. सरकारी बस आली की आगार येते, आगार आले की कार्यशाळा येते आणि कार्यशाळेबरोबर मेकॅनिक हे पद येते. पद आले म्हणजे त्याची पात्रताही ठरवावी लागते. ही पात्रता पुढे माझ्या भावाच्या वाटेत कशी आली, ते सांगणारच आहे.

या गोष्टीत सोलापूरचा एक मोठा माणूसही आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही गोष्टी देशात तयार झाल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला आणि १९४७ साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे याच कंपनीची फियाट आणि प्रीमियर पद्मिनी देशभर धावली. १९५४ साली टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या करारातून जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले आणि पुणे-हैदराबाद रस्त्यावर त्यांची रीघ लागली. गाड्या आल्या, पण त्या सांभाळणारी माणसे कुठून आली?

त्यातली पुष्कळशी युद्धातून आली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज घोड्याखेचरांवरून ट्रकवर आली. एकाएकी हजारो मेकॅनिक हवे झाले. १९४० पासून सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची केंद्रे काढली. १९४१ पासून काही हिंदी कामगारांना शिकायला थेट इंग्लंडला पाठवले. त्या योजनेला ब्रिटिश कामगारमंत्री बेव्हिन यांचे नाव होते. १९४३ साली फौजेत यंत्रदुरुस्तीचे स्वतंत्र दल उभे राहिले. चारदोन महिन्यांत खेड्यातल्या पोराला इंजिन उघडायला शिकवता येते, हे या काळात सिद्ध झाले. युद्ध संपले आणि ही माणसे घरी परतली. त्यांच्यामागोमाग लष्कराच्या जुन्या जीप आणि ट्रक लिलावात निघाले. लोक त्यांना ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणत. परतलेला मेकॅनिक आणि डिस्पोजलची गाडी, एवढ्या भांडवलावर अनेक गावांत गॅरेज उभे राहिले.

माझ्या भावाचे उस्ताद सांगत की त्यांचे स्वतःचे उस्ताद असेच फौजेतून आलेले होते. म्हणून त्यांच्या गॅरेजात काम संपल्यावर पाने मोजून आकाराप्रमाणे ओळीत लावण्याची शिस्त होती. एक पाना कमी भरला तर कुणी घरी जायचे नाही.

याच युद्धातून दुसरी वाटही निघाली. सैन्यातून मोकळ्या झालेल्या लोकांना कामाला लावण्यासाठी १९४५ साली केंद्र सरकारने एक संचालनालय काढले. त्याच्या प्रशिक्षण केंद्रांतून पुढे १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आकाराला आली आणि आपल्या ओळखीची आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जन्माला आली. १९५६ साली संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. अभ्यासक्रम आणि परीक्षा सगळ्या देशात एकसारख्या राहाव्यात म्हणून राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. म्हणजे गॅरेज आणि आयटीआय ही एकाच युद्धाची दोन लेकरे. एक रस्त्याकडेला वाढले, दुसरे सरकारी इमारतीत.

सोलापूरची शासकीय आयटीआय विजापूर रोडला आहे. तिथला मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिले काही महिने मुलगा इंजिनाकडे फिरकतही नाही. लोखंडाचा एक तुकडा वाइसमध्ये धरायचा आणि कानशीने घासत राहायचे. गुण्या लावून बघायचा, उजेड दिसला की पुन्हा घासायचे. त्याला ‘जॉब’ म्हणतात. जोडीला गणित, विज्ञान, नकाशे काढणे, मग वेल्डिंग आणि त्यानंतर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग. शेवटी अखिल भारतीय परीक्षा. ती पास झाली की देशात कुठेही चालणारे प्रमाणपत्र मिळते.

गॅरेजचा अभ्यासक्रम याच्या अगदी उलटा. माझा भाऊ १९८६ साली गॅरेजात गेला, तेव्हा तो आठवी पास होऊन नववीत नुकताच गेला होता. अब्बा गिरणीत बदली कामगार. घरात शिकणारे आम्ही दोघे. एकाचीच फी भरणे शक्य होते आणि परीक्षेत माझे गुण बरे होते. बाकी हिशेब तुम्हीच करा. अम्माने त्याला उस्तादांकडे नेले. उस्तादांनी त्याचे हात बघितले आणि म्हणाले, “छोड जाओ.” एवढाच प्रवेश अर्ज.

पहिले वर्ष चहा आणणे, फरशी झाडणे आणि सुटे भाग रॉकेलमध्ये धुणे. धुता धुता भागांची नावे पाठ होत. मग पाने देणे. गाडीखाली आडवे पडलेले उस्ताद नुसता हात बाहेर काढून म्हणत, “बारा-तेरा,” आणि हातावर तोच पाना पडला पाहिजे. चुकला तर टपली. थोड्याच दिवसांत उस्ताद आकडा सांगायच्या आत भाऊ पाना पुढे करू लागला. समोर कुठला नट आहे हे त्याला कळत होते. मग ग्रीसिंग, चाके, ब्रेक, क्लचप्लेट. इंजिनाचे हेड उतरवायला चार वर्षे लागली. शेवटचा धडा कानाचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि आतला कुठला भाग बोलतो आहे ते ओळखायचे. उस्ताद म्हणत, “पैले कान से पकड, बाद में हात से खोल.”

त्या गॅरेजात एक पद्मशाली मुलगा होता, एक लिंगायत, एक वडार, एक माझा भाऊ. तेलुगू, कन्नड, दखनी आणि मराठी अशा चार भाषांत शिव्या चालत. नटबोल्टांची नावे मात्र सगळ्यांची एकच.

पण या शाळेचे मी गोडवेच गायले तर तो खोटेपणा होईल. तिथे पगार नव्हता. आठवड्याला खर्ची मिळे, तीही उस्तादांच्या मनावर. मार होता. आणि एक गोष्ट मला फार खुपते : विद्येची चोरी होती. कार्बोरेटर जुळवताना उस्ताद पाठ फिरवून उभे राहत. शेवटची युक्ती पोराने बघू नये, कारण बघितली तर तो उद्या समोरच गॅरेज टाकेल. भावाने ती युक्ती आरशातून बघून शिकली. गाडीच्या बाजूच्या आरशातून. शिवाय इथे प्रवेश ओळखीने मिळे, आणि मुलीला तर नाहीच. आयटीआयमध्ये गुणांची यादी लागते, राखीव जागा असतात, ज्याचे कुणी नाही तोही तिथे शिकू शकतो. ही आयटीआयची थोरवी मान्य केलीच पाहिजे. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीने, घरचा धंदा आणि करमणूक क्षेत्रातले काही अपवाद सोडले तर, सरसकट बेकायदा ठरले. ते योग्यच झाले.

आता त्या पात्रतेची गोष्ट. १९९४ साल. एका सरकारी कार्यशाळेत मेकॅनिकच्या जागा निघाल्या. अट होती आयटीआय उत्तीर्ण. भाऊ आठ वर्षे काम केलेला, डोळे बांधून फियाटचे हेड उतरवील असा. पण दहावी नसल्याने आयटीआयचे दार त्याला बंदच होते. कुणीतरी सांगितले की कामाचा अनुभव असेल तर खासगी उमेदवार म्हणून ती परीक्षा देता येते, अनुभवाचा दाखला आणा. दाखला उस्तादांनी द्यायचा आणि लिहायचा मी, कारण घरात लिहिणारा मीच.

रविवारी सकाळी गॅरेजात बाकावर बसून मी कागद पुढे घेतला. ‘प्रमाणित करण्यात येते की’ इथपर्यंत आलो आणि अडलो. काय प्रमाणित करायचे? उस्तादांना विचारले, तर म्हणाले, “लिख, लडका झूट नईं बोलता, चोरी नईं करता.” मी म्हटले, उस्ताद, कामाचे सांगा. मग भाऊ एकेक काम सांगू लागला आणि मी लिहीत गेलो. कागदाची दोन्ही अंगे भरली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की माझ्या भावाला काय काय येते. मी बी. ए. होताना वाचलेल्या पुस्तकांची यादी केली असती, तर ती एवढी लांब भरली नसती. उस्तादांनी खाली उर्दूत सही केली.

कागद घेऊन आम्ही कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने तो नीट वाचला, हे कबूल केले पाहिजे. मग त्याने विचारले, आस्थापनेचा नोंदणी क्रमांक? छापील पत्र? शिक्का? हजेरीपट? यांतले काहीच नव्हते. तो म्हणाला, “अहो, हा मुलगा तिथे कामाला होता याचा पुरावा काय?” भावाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांत मुरलेले काळे ऑइल काही केल्या जात नाही, ते सगळ्यांना दिसत होते. कारकून ओशाळला, पण नियम नियमच. कागद परत आला. परतताना भाऊ मला म्हणाला, “भाईजान, तुमचं अक्षर मात्र छान आहे.” तो टोमणा होता की कौतुक, हे मी आजवर त्याला विचारलेले नाही.

इतर देशांनी हा पेच कसा सोडवला? जर्मनीत कारागिराचे शिक्षण वर्कशॉपमध्ये आणि शाळेत एकाच वेळी चालते. आठवड्याचे काही दिवस उस्तादाकडे, काही दिवस वर्गात. १९६९ च्या कायद्याने त्याला सगळ्या देशात एक चौकट दिली. तिथे उस्तादाचीही परीक्षा असते. अमेरिकेत दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे आहेत. त्यांतले पहिले १९०१ साली जॉलिएट या गावी निघाले. १९७९ पासून जनरल मोटर्सने अशा कॉलेजांशी जोडून एक अभ्यासक्रम चालवला. त्यात विद्यार्थी काही आठवडे वर्गात आणि काही आठवडे गाड्यांच्या विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये असतो. त्याआधी, १९७२ साली, तिथे मेकॅनिकांची परीक्षा घेणारी स्वतंत्र संस्था निघाली. प्रमाणपत्रासाठी कामाचा अनुभव आणि परीक्षा लागते. अनुभवाचा काही भाग शिक्षणाने भरून निघतो, पण शिक्षण हवेच अशी सक्ती नाही. आपल्याकडे २०१३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘आधी मिळवलेल्या कौशल्याला मान्यता’ हा भाग आला, म्हणजे शाळेत न जाता शिकलेल्याचीही परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायचे. १९९४ साली आम्ही जे मागत होतो, ते हेच.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मोटार दुरुस्तीसारख्या कामांत मुसलमानांचे प्रमाण मोठे असल्याची नोंद आहे, आणि कौशल्याचे शिक्षण अशा धंद्यांत आणि अशा वस्त्यांत न्यावे, अशी सूचनाही आहे. मी त्यात एवढीच भर घालीन की हा प्रश्न एका जमातीपुरता नाही. माझ्या भावाबरोबरचा पद्मशाली मुलगा आणि वडार मुलगा यांचीही नावे कुठल्याच हजेरीपटावर नव्हती.

पुढे भावाने स्वतःचे छोटे गॅरेज टाकले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, अब्बा घरी बसले, आणि घर चालले ते त्या गॅरेजावर. पण २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नवे निकष आले आणि मोटारींतून कार्बोरेटर जाऊ लागला. त्याच्या जागी इंधन मोजून फवारणारी, कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी यंत्रणा आली. उस्तादांनी पाठ फिरवून लपवलेली आणि भावाने आरशातून चोरलेली ती विद्या बघता बघता जुनी झाली. गाडी बंद पडे आणि इंजिन काही बोलतच नसे. नुसता कान पुरेना. वायरिंगचा नकाशा वाचता येणे, विजेचा दाब मोजणे, सेन्सर कशासाठी आहे हे समजणे, या सगळ्या वर्गात शिकवण्याच्या गोष्टी. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा लागू झाले, तेव्हा नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जवळजवळ गेलाच.

भावाने मुलाला दहावीनंतर, २०१८ साली, आयटीआयला घातले. एका सुटीत मुलगा मायक्रोमीटर कसा वापरतात ते दाखवत होता. हाताला लागेल ते मोजत होता. भावाच्या पेटीत उस्तादांनी दिलेला हेक्सॉ ब्लेडचा एक तुटका तुकडा आहे. प्लगच्या टोकाशी किती फट ठेवायची, ते उस्ताद त्या तुकड्याने बघत. तुकडा अलगद सरकला की फट बरोबर. पोराने तो मोजला. ०.६३ मिलिमीटरच्या आसपास भरला. मग त्याने पुस्तकात बघितले. जुन्या अँबॅसडरच्या प्लगची फट इंचाचे पंचवीस हजारांश, म्हणजे जवळजवळ तेवढीच. पोरगा बापाकडे बघत राहिला. भाऊ म्हणाला, “उस्तादांना आकडा माहीत नव्हता.” थोड्या वेळाने म्हणाला, “मलाही नव्हता.”

मित्रहो, मला जे सांगायचे आहे ते या ब्लेडच्या तुकड्यात आहे. माप बरोबर होते, फक्त त्याला आकडा दिलेला नव्हता. आकडा द्यायला शाळा लागते आणि तो तुकडा निवडायला उस्ताद लागतो. आपण सत्तर-ऐंशी वर्षे या दोघांना दोन वेगळ्या रस्त्यांवर ठेवले, एकाला शिक्षित म्हटले आणि दुसऱ्याला अशिक्षित.

त्या पोराचा प्रवेश अर्ज भरायलाही मीच बसलो होतो, कारण अजूनही घरात अर्ज भरणारा मीच. एक रकाना होता : वडिलांचे शिक्षण. मी भावाकडे बघितले. तो म्हणाला, “आठवी लिहा.” मी आठवी लिहिले. रकाना तेवढाच होता. त्यात जे मावले नाही, ते आज तुम्हाला सांगितले.